बेनितोच्या वाटणीची पंधरा पावलं

आमच्या अल क्वोजच्या गोडाउनमध्ये एलिसेओच्या केबिनच्या दारामागे एक फावडं उभं असायचं. दुबईतल्या मालवाहतुकीच्या कंपनीत फावड्याचं काय काम, हा प्रश्न प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पडायचा आणि विचारायची हिंमत मात्र कुणाला व्हायची नाही. लांब दांड्याचं, पात्याला जरासं निमुळतं असं ते फावडं. दर गुरुवारी काम आटोपलं की एलिसेओ त्याच्या दांड्याला जवसाचं तेल चोळत बसायचा. मी कस्टम्सचे कागद सहीला घेऊन गेले तर म्हणायचा, "मिसेस जाधव, दोन मिनिटं. लाकूड तहानलेलं आहे."

तो आमचा गोडाउन मॅनेजर. अमेरिकन लष्करात बावीस वर्षं रसद सांभाळून सार्जंट म्हणून निवृत्त झालेला आणि कुवेतच्या लढाईनंतर इकडेच राहिलेला. अमेरिकन मॅनेजर येणार म्हटल्यावर आम्ही सगळ्यांनी एक सहा फुटी गोरापान साहेब डोळ्यांपुढे आणला होता. प्रत्यक्षात आला तो बुटका, गव्हाळ, दाट मिशांचा माणूस. आमच्या कोरेगावच्या बाजारात उभा केला असता तर कुणीही त्याला गुळाचा भाव विचारला असता. टॅक्सीवाले त्याच्याशी थेट उर्दूत बोलायचे. आम्ही राहायचो त्या अल कुसैसच्या दुकानदाराने त्याला माझा दीर ठरवून टाकलं होतं, आणि मीही ते कधी दुरुस्त केलं नाही.

आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत चालायचं, ते मी इथे मराठीत मांडते आहे. गोडाउनमध्ये मात्र तो हिंदी बोलायचा. त्याला एकूण साठेक शब्द येत असतील, पण त्यातलं "जल्दी नहीं, ठीक से" हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा व्हायचं.

त्याच्या चेहऱ्याने एकदा भलतीच मजा केली. युरोपातून एक बडं गिऱ्हाईक यायचं होतं, त्याला आणायला एलिसेओ स्वतः नावाची पाटी घेऊन विमानतळावर गेला. पाहुण्याने पाटी पाहिली, हातातली बॅग त्याच्या हातात दिली आणि ऐटीत मागच्या सीटवर जाऊन बसला. वाटेत त्याने विचारलं, "तुमचा अमेरिकन साहेब कसा आहे?" एलिसेओ म्हणाला, "कडक आहे. पण माणूस वाईट नाही." पाहुण्याने पुढे खोदून खोदून विचारलं आणि याने स्वतःबद्दल जे जे वाटत होतं ते सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी पाहुणा केबिनमध्ये शिरला, खुर्चीत कालचा ड्रायव्हर पाहिला आणि दारातच थिजला. एलिसेओने उठून त्याला खुर्ची दिली आणि म्हणाला, "बघा, कडक आहे म्हटलं होतं की नाही?" ते गिऱ्हाईक पुढे कायमचं आमचं झालं.

पण एलिसेओ म्हटलं की मला आधी आठवते ती सकाळची हजेरी. साडेसातला गोडाउनच्या अंगणात तो कागद घेऊन उभा राहायचा आणि एकेक नाव खणखणीत आवाजात पुकारायचा. पठाण, मल्याळी, फिलिपिनो, सगळ्यांनी "हाजिर" म्हणायचं. जो सुट्टीवर असेल त्याचंही नाव पुकारलं जायचं आणि शेजारच्याने त्याच्यासाठी उत्तर द्यायचं, "छुट्टी, साब" किंवा "बुखार, साब". नाव गाळायचं नाही, हा नियम. पुढे कार्ड पंच करायचं मशीन आलं, तेव्हा ऑफिसने कळवलं की आता हजेरीची गरज नाही. एलिसेओ म्हणाला, "मशीन सांगतं कोण आलं ते. जो आला नाही त्याची चौकशी मशीन करत नाही." हजेरी चालूच राहिली. हमालांचा मुकादम गुल खान तर म्हणायचा, "मेरा अब्बा के बाद मेरा नाम इतना प्यार से किसी ने नहीं पुकारा." गुल खान भावनेच्या भरात काहीही बोलायचा, पण हे त्याने खरंच मनापासून म्हटलं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याची रजा. परदेशी मंडळी नाताळात किंवा उन्हाळ्यात घरी जातात. हा दर वर्षी मार्चमध्ये जायचा, तोही फक्त दहा दिवस, आणि परत यायचा तेव्हा तळहातांना फोड आलेले असायचे. सोबत एक मोठी पिशवी लाल मिरचीची पूड. त्यावरून आमची दर वर्षी भांडणं व्हायची. माझ्या डब्यातला ठेचा खाऊन तो म्हणायचा, "तुमची मिरची ओरडते. आमची बोलते." मी म्हणायचे, "बोलते कसली, पुटपुटते." मग तो आठवण करून द्यायचा की मिरची मुळात त्याच्या अमेरिकेतून आमच्याकडे आली आहे, आणि मला गप्प बसावं लागायचं.

त्या फोडांचा खुलासा मला एका रमजानात झाला. रमजानात दिवसा चारचौघांत काही खाता येत नसे, म्हणून मी डबा घेऊन त्याच्या केबिनमध्ये जायचे आणि पडदा ओढून आम्ही दोघं गुपचूप जेवायचो. अशाच एका दुपारी मी विचारून टाकलं, "हे फावडं कशासाठी?"

जेवता जेवता त्याने गावाचं सांगायला सुरुवात केली. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, न्यू मेक्सिकोच्या डोंगरात त्याचं गाव. शेकडो वर्षांपूर्वी त्याचे पूर्वज दक्षिणेकडून बैलगाड्या हाकत तिथे आले, स्पॅनिश बोलत. आल्यावर आधी त्यांनी नदीपासून पाट खणला, मग चर्च बांधलं आणि मग घरं. "आमचं घर तिथंच आहे," तो म्हणाला, "वरचा झेंडा तेवढा दोनदा बदलला. आधी स्पेनचा, मग मेक्सिकोचा, मग अमेरिकेचा. प्रत्येक झेंड्याने एक गोष्ट मात्र न चुकता मागितली, मुलं." खापरपणजोबा यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढले. वडील फिलिपाइन्समध्ये जपान्यांच्या कैदेत साडेतीन वर्षं राहिले, हाडांचा सापळा होऊन परतले आणि घरात पाऊल टाकण्याआधी पाटाचं पाणी बघून आले. थोरला भाऊ बेनितो व्हिएतनामला गेला. तो परतलाच नाही, तेव्हा तो वीस वर्षांचा होता.

"एवढं होऊनही," एलिसेओ म्हणाला, "कुठेही गेलो की पहिला प्रश्न हाच, तुम्ही मूळचे कुठले?" हे तो चिडून म्हणाला नाही. हवामानाबद्दल बोलावं तसं म्हणाला.

पाटाचा त्यांचा नियम असा. दर मार्चमध्ये, पाणी सोडण्याआधीच्या शनिवारी सगळ्या गावाने पाट उपसायचा. पाटकरी वही उघडून एकेक नाव पुकारतो. ज्याचं नाव येईल त्याने "हजर" म्हणून पाटात उतरायचं आणि आपल्या वाटणीची पंधरा पावलं साफ करायची. मजूर लावून चालत नाही. बेनितो लढाईत गेला त्याच्या पुढच्या मार्चमध्येही त्याचं नाव पुकारलं गेलं, कारण खोडायचं कुणाला सुचलंच नव्हतं. वडील अंथरुणाला खिळलेले, एलिसेओ लष्करात दूर जर्मनीत. सगळे खाली माना घालून उभे होते. तेवढ्यात मागून काळ्या कपड्यांतली त्याची आई पुढे आली, "हजर" म्हणाली आणि हेच फावडं घेऊन पाटात उतरली. त्या गावात तोवर बाईमाणूस पाटात उतरलं नव्हतं. म्हाताऱ्यांनी हॅट काढून हातात घेतल्या. तिने मोजून पंधरा पावलं खणली.

तेव्हापासून दर मार्चला एलिसेओ घरी जातो, दोन नावांना उत्तर देतो आणि तीस पावलं खणतो. काही वर्षांपूर्वी नवा पाटकरी आला, तरणा आणि नियमावर बोट ठेवणारा. त्याने बैठकीत विचारलं, मेलेल्या माणसाचं नाव वहीत किती दिवस ठेवायचं? आई उठून म्हणाली, "ज्या वर्षी त्याची पंधरा पावलं कुणी खणणार नाही, त्या वर्षी खोडा." ते तसंच वहीत लिहिलं गेलं.

मी म्हणाले, "माझी आई दारं धरायची." मग ते काय असतं ते सांगावं लागलं. आमच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत. माझे वडील हवालदार, कायम कुठल्या ना कुठल्या सीमेवर. पाण्याची पाळी आली की आई साडीचा काचा मारून खोरं घेऊन वावरात उतरायची, एका वाफ्याचं तोंड बुजवायची, दुसऱ्याचं फोडायची. आम्ही बहिणी बांधावरून बघत असू. एलिसेओने डबा बाजूला ठेवला आणि मला दोनदा विचारलं, "एकटी?" मी म्हटलं, "एकटी." त्या दिवसानंतर तो माझ्याशी जरा निराळ्या आदराने वागू लागला, असं मला उगाच वाटायचं. उगाच नसेलही.

मग ते वर्ष आलं ज्या वर्षी शेजारी इराकमध्ये लढाई सुरू झाली. मार्चच्या सुरुवातीपासूनच जबल अलीच्या बंदरात मालाचे ढीग लागले, विमानं मिळेनात आणि कंपनीने सगळ्यांच्या रजा रद्द केल्या. एलिसेओच्या बहिणीचा मुलगा, घरातला एकमेव तरुण, तोही लष्करात होता आणि त्यालाही इकडेच कुवेतला पाठवलेलं. म्हणजे गावच्या घरात उरली फक्त शहाऐंशी वर्षांची आई. राजीनामा द्यावा तर एक महिन्याची नोटीस आणि पासपोर्ट कंपनीकडे. तो शनिवार आठ दिवसांवर आला होता.

त्याने आरडाओरडा केला नाही. पण दुसऱ्या दिवशी हजेरीत त्याने गुल खानचं नाव दोनदा पुकारलं आणि एका फिलिपिनो पोराचं गाळलं. सगळं अंगण चपापलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

दुपारी गुल खान केबिनच्या दारात उभा राहिला. "साब, मसाफी के आगे पहाड में मेरा बडा भाई बाग देखता है. उधर भी पानी का नाली है, फलज बोलते हैं. हर साल साफ होता है."

"तो माझ्या गावचा पाट नाही," एलिसेओ म्हणाला.

"नाही," मी म्हणाले. माझा आवाज जरा चढलाच. "पण घरी बसून काय करणार आहात? दांड्याला तेल लावणार?"

शुक्रवारी सकाळी आमच्या जुन्या गाडीतून आम्ही निघालो. पुढे माझे यजमान विलास आणि एलिसेओ, मागे मी, दोन मुलं आणि गुल खान, आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून आडवं गेलेलं ते फावडं. "सुट्टीच्या दिवशी माणसं मॉलमध्ये जातात," विलास कुरकुरला, "आम्ही गाळ उपसायला." मुलगी माझ्या कानात म्हणाली, "मम्मा, इज एली अंकल ओके?" मी तिला म्हटलं, गप्प बस.

मसाफी मागे टाकलं की उघडे डोंगर लागतात आणि मग एकदम खजुराची झाडं. बागेतून मातीचा पाट गेला होता, पालापाचोळ्याने आणि मुळांनी निम्मा भरलेला. एलिसेओ खाली उतरला, ओली माती चिमटीत घेतली आणि तिचा वास घेतला. मग सरळ उभा राहून त्याने स्वतःचं नाव पुकारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "हजर." पाठोपाठ बेनितोचं पुकारलं आणि पुन्हा स्वतःच म्हणाला, "हजर." विलासची कुरकुर तिथे थांबली.

त्याने पंधरा पावलं मोजली, काटकी रोवली आणि कामाला लागला. इतकी वर्षं खुर्चीत पाहिलेला माणूस मला एकदम निराळा दिसू लागला. फावडं नेमकं हवं तिथे पडायचं, काठ तिरपा आणि गुळगुळीत कापला जायचा, गाळ एकाच बाजूला साचायचा. तेवढ्यात काठी टेकत बागेचे मालक आले, पांढरा पायघोळ कंदुरा घातलेले एक म्हातारे अरब. ते काठाकडे निरखून बघत उभे राहिले आणि गुल खानच्या भावाला मोडक्यातोडक्या उर्दूत म्हणाले, हा नवा माणूस कुठून आणलास? हात चांगला आहे. ठेवून घे. खोली देतो, जेवण देतो, दोन वर्षांनी रजा देतो.

गुल खान कानापर्यंत लाल झाला. "अर्बाब, ये तो अमेरिकन है. हमारा मॅनेजर है."

म्हातारा खदखदून हसला. त्याचा काडीचा विश्वास बसला नाही. मी एलिसेओला सगळं सांगितलं, तेव्हा तो फावड्यावर रेलून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. "दहा वर्षांत या देशात," तो म्हणाला, "मला बरोबर ओळखलं ते या एकट्याने." मग म्हाताऱ्याने पाटाकडे बोट करून काहीतरी म्हटलं, त्यात 'साकिया' असा शब्द आला, आणि एलिसेओचं हसू थांबलं. त्याच्या गावी पाटाला असेकिया म्हणतात. अरबांकडून स्पेनला आणि स्पेनकडून त्याच्या डोंगरात गेलेला शब्द.

पहिली पंधरा पावलं झाली. त्याने नवी काटकी रोवली आणि बेनितोची सुरू केली. सहा पावलं झाली असतील नसतील, त्याच्या कमरेत उसण भरली. तो पाटाच्या काठावर बसला तो बसलाच. वय बावन्न आणि वर्षभर फावड्याची सवय नाही. दोनदा उठायला गेला आणि दोन्ही वेळा तोंड वाकडं करून खाली बसला. गुल खान धावला, पण एलिसेओने हात आडवा धरला. "नको. तू माझ्या हाताखालचा माणूस. तू खणलंस तर तो हुकूम होतो." गुल खानने पुष्कळ विनवलं, एलिसेओने नाही म्हणजे नाही. नऊ पावलं शिल्लक होती. त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

मी चपला काढल्या, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि पाटात उतरले. "इकडे द्या," मी म्हटलं.

"मिसेस जाधव..."

"मी तुमच्या हाताखाली नाही. माझा बॉस वरच्या मजल्यावर बसतो."

त्याने फावडं दिलं. ते माझ्या अंदाजापेक्षा जड निघालं. पहिली दोन पावलं नुसतीच झटापट झाली, माती कमी आणि माझा घाम जास्त. मग आईचे हात आठवले, मनगट सैल आणि जोर मांडीवर, आणि जमू लागलं. माझे काठ वाकडेतिकडे झाले. एलिसेओ वरून एकदाच म्हणाला, "जल्दी नहीं, ठीक से." मुलं चिडीचूप बसली होती, विलास मधूनमधून पाणी आणून देत होता. नववं पाऊल झालं तेव्हा माझ्या दोन्ही तळहातांवर फोड होते आणि मी रडत होते, दुखत होतं म्हणून नव्हे. माझी आई त्याच्या आदल्या वर्षीच गेली होती.

पण नुसतं खणून वहीतलं नाव कसं राहणार? मी पडले कागदपत्रांची बाई. आमच्या धंद्यात माल पोचला असं कुणी तोंडी म्हटलेलं चालत नाही. मुलीच्या चित्रकलेच्या वहीतलं पान फाडून मी तिथेच लिहिलं. माल: गाळ, पाचोळा, मुळं. लांबी: पंधरा पावलं. कुणाच्या नावे: बेनितो. सहा पावलं भावाने, नऊ शालिनी जाधवने. खाली मालकांनी अरबीत सही केली, गुल खानने उर्दूत, मी मराठीत. दुसऱ्या दिवशी ते टाइप करून, मूळ पान जोडून मी पाटकऱ्याच्या नावे त्याच्या गावच्या शाळेत फॅक्स केलं, गावात मशीन तेवढं एकच होतं. मला हसू आलं, पण एलिसेओ मशीनजवळ अटेन्शनमध्ये उभा होता.

त्याने आईला फोनही केला. तिने एवढंच विचारलं, कुणी खणलं? याने सांगितलं. मग तिने विचारलं, त्या बाईच्या घरातलं कुणी फौजेत होतं का? वडील होते, हा म्हणाला. "मग ठीक आहे," म्हातारी म्हणाली.

तिला ठीक असून भागणार नव्हतं. पाटकरी नियमावर बोट ठेवणारा होता. नऊ दिवस काही उत्तर आलं नाही. एलिसेओ रोज फॅक्सच्या मशीनपाशी कागद आहे की नाही बघायचा, असलेला काढून पुन्हा घालायचा. दहाव्या दिवशी एक पान आलं. पाटकऱ्याच्या वहीचीच ती नक्कल होती. बेनितोचं नाव जसंच्या तसं होतं. समोरच्या रकान्यात शेरा होता, तो एलिसेओने मला वाचून दाखवला: "खणले. एक दिवस आधी. चालते. एक दिवस उशिरा चालले नसते." आणि त्याखाली वेड्यावाकड्या अक्षरांत माझं नाव. माझ्या माहेरच्या सातबाऱ्यावर माझं नाव नाही, सासरच्याही नाही. मी कधी न पाहिलेल्या एका गावाच्या पाण्याच्या वहीत मात्र ते आहे. एलिसेओ उठून बाहेर गेला आणि बराच वेळ हमालांना उगाचच पेट्या इकडून तिकडे हलवायला लावत राहिला.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत तो नोकरी सोडून कायमचा परत गेला. आईने सांगितलं होतं, आता रजेवर नको, राहायलाच ये.

शेवटच्या दिवशी त्याने निरोप समारंभ करू दिला नाही. साडेसातला नेहमीसारखा कागद घेऊन अंगणात उभा राहिला. फावडं वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीत ठेवलेलं होतं. मी वर कस्टम्सच्या खिडकीशी उभी होते. त्याने सगळी नावं पुकारली. गुल खानचा "हाजिर" नीट निघालाच नाही. शेवटचं नाव झालं, लोक पांगायला लागले, पण एलिसेओ कागदावर नजर लावून तसाच उभा राहिला. मग त्याने आणखी एक नाव पुकारलं, कागदावर नसलेलं.

"बेनितो."

हमाल एकमेकांकडे बघू लागले. असल्या नावाचा कुणी तिथे नव्हता. एलिसेओने या नावाला तीस वर्षं स्वतःच उत्तर दिलं होतं, पण आज तो ओठ मिटून वाट बघत होता. मी खिडकी उघडली.

"हाजिर," मी म्हणाले.

त्याने वर पाहिलं नाही. खिशातून पेन काढलं, कागदावर खूण केली आणि गाडीकडे चालू लागला.